सई, तो हेल्मेटचा प्रश्न

सई,

काल रात्री तू चिडून फोन ठेवलास, त्यानंतर मी तू पाठवलेला तो जीमॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव प्रश्नाचा फोटो झूम करून तीनदा वाचला. आता सकाळचा चहा झाल्यावर हे लिहायला बसलेय कारण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मुद्दा राहूनच जातो. तू म्हणालीस, माझं बरोबर असून चूक दाखवतायत. तुझं मत बरोबरच आहे गं, पण उत्तर चुकलंय, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न काय होता, तर एका शहरात हेल्मेटसक्ती झाली, पुढच्या वर्षी डोक्याला मार लागून हॉस्पिटलमधे अ‍ॅडमिट होणारे टूव्हीलरवाले वाढले, म्हणून हेल्मेटने धोका कमी होत नाही, उलट वाढतो. हा युक्तिवाद सगळ्यात जास्त कशाने कमकुवत होतो? तू डी टिक केलंस, की बऱ्याच देशांत हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे.

१ जानेवारी २०१९ पासून पुण्यात सक्ती कडक झाली ते आठवतंय का तुला? खाली पार्किंगमधे रोज वाद. एकजण म्हणायचा मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, दुसरा म्हणायचा कायदा आहे, घाला गपचूप. तासभर बोलून कुणाचंच बोलणं दुसऱ्याच्या मुद्द्याला लागायचं नाही. तुझ्या डीचं अगदी तेच झालंय, हेल्मेटच्या बाजूचं आहे पण त्या युक्तिवादाला त्याने ओरखडाही उठत नाही.

आकडा वाढला हे खोटं पाडायचंच नाही, ते खरं धरायचं. वार करायचा तो मधल्या त्या "म्हणून" वर. अ‍ॅडमिट जास्त झाले म्हणजे धोका वाढला, हे कुठून आणलं? त्यात न बोलता धरून चाललेत की आधीसुद्धा ज्याला ज्याला मार लागायचा तो प्रत्येकजण हॉस्पिटलपर्यंत पोचत होता. आता सी वाच. सक्तीच्या आधी डोक्याला मार लागलेले बरेचजण जागीच जायचे. म्हणजे ते अ‍ॅडमिटच्या आकड्यात कधी आलेच नाहीत, आणि आता हेल्मेट होतं म्हणून जखमी होऊन का होईना पण जिवंत पोचले, म्हणून आकडा फुगला. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला सई, ज्या आकड्याला घाबरायचं तो वाचलेल्या माणसांचा आकडा निघाला.

बी तर सोडूनच दे, हलक्या दर्जाची हेल्मेट विकली जातात म्हटलं की समोरच्यालाच मदत होते. "त्याच वर्षी गाड्या दुप्पट झाल्या" असं ऑप्शन असतं तर तेही लागलं असतं, पण ते दिलेलं नाही.

बीएला संस्कृत होतं तेव्हा न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, आम्हाला हेच शिकवलं होतं. धूर दिसला म्हणजे आग आहे हे चालतं, पण आग आहे म्हणजे धूर असणारच हे चालत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी इंधन ओलं लागतं. ही जी कुणी न सांगितलेली अट असते ना तिला उपाधी म्हणतात, ती दाखवली की अनुमान ढासळतं. तुझ्या प्रश्नात जिवंत पोचणं हे ते ओलं लाकूड.

आणि युक्तिवाद पूर्ण आडवा करायचा नसतो, आधीपेक्षा डळमळीत झाला तरी पुरे. ऑप्शन खरं असेल का यातही अडकू नकोस, "हे खरं मानलं तर" असं प्रश्नातच लिहिलेलं असतं. जीमॅटला व्हर्बलचे, म्हणजे वाचन आणि युक्तिवादाच्या भागाचे, २३ प्रश्न ४५ मिनिटांत, उतारेही त्यातच, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. तरी त्यातले वीस सेकंद ऑप्शन झाकून ठेव आणि न बोलता काय धरलंय ते स्वतःच्या शब्दात मनात म्हण. काल तू आधी ऑप्शन वाचलेस आणि त्यातलं पटणारं उचललंस, तिथेच गडबड झाली असं मला वाटतं.

तो दुसरा फोटो, कॉलेजने अभ्यासिका रात्रभर उघडी ठेवली आणि निकाल सुधारला तो, मला अजून सुटलेला नाही, ए आणि ई दोन्ही बरोबर वाटतायत. बहुतेक त्या वर्षी अ‍ॅडमिशनचा कटऑफच वर गेला होता हे ई वालं असावं. तू आधी करून बघ, माझं बघू नकोस, आणि रात्री साडेनऊनंतर फोन कर.

तुझी आई