लॉइडला ३०-३६ने मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रीडा पुरवणीत ऑस्ट्रेलियन बेसबॉलवर लेख वाचून आनंद झाला. मराठी वृत्तपत्रांत या खेळाला एवढी जागा क्वचितच मिळते. पण लेखकाने ग्रेम लॉइडला ‘३० विजय, ३६ पराभव, सरासरी ४.०४, म्हणजे बेताचाच पिचर’ (चेंडू टाकणारा) म्हणून एका वाक्यात निकालात काढले आणि वर ‘मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन’ असा किताबही देऊन टाकला. दोन्ही चुकीचे आहे.

किताबाचे आधी उरकतो. १९व्या शतकातला ज्यो क्विन बाजूला ठेवला तरी क्रेग शिपली १९८६ साली लॉस एंजेलिस डॉजर्सकडून आणि डेव्ह निल्सन १९९२ साली मिलवॉकी ब्रुअर्सकडून खेळले होते. लॉइड पहिला ठरतो तो पिचर म्हणून, एप्रिल १९९३मध्ये, ब्रुअर्सकडूनच. त्याच महिन्यात तो पिचर आणि निल्सन कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) अशी जोडी उतरली. पिचर-कॅचरच्या जोडीला बेसबॉलमध्ये ‘बॅटरी’ म्हणतात. दोघेही ऑस्ट्रेलियन असलेली मेजर लीगमधली ती पहिली बॅटरी.

आता आकडे. जिलाँगचा हा साडेसहा फुटांहून उंच डावखुरा सामना सुरू करणारा पिचर नव्हता, रिलीव्हर म्हणजे मधूनच येणारा बदली पिचर होता. नऊपैकी सातव्या-आठव्या इनिंगला, बेसवर (धाव पूर्ण होण्याआधीच्या थांब्यावर) रनर असताना, समोर डावखुरा बॅटर आला की त्याला बोलावायचे. डावखुऱ्या बॅटरला डाव्या हाताचा चेंडू जणू पाठीमागून निघाल्यासारखा दिसतो, आणि स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) असला तर तो शेवटी बाहेर पळतो. काम एक-दोन बॅटरांचे. क्रिकेटमध्ये गोलंदाज बाजूला करून पुन्हा आणता येतो. इथे एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही.

अशा माणसाची सरासरी फसवी असते. ती म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून दर ९ इनिंगमागे दिलेल्या धावा, आणि रनरची धाव त्याला बेसवर पोहोचू देणाऱ्या पिचरच्या खात्यावर पडते. आधीच्या पिचरने सोडून दिलेले दोन रनर लॉइडने जागच्या जागी अडवले, तर त्याच्या सरासरीत त्याचे श्रेय कुठेच दिसत नाही. उलट त्याने एकाला बेसवर जाऊ दिले आणि पुढच्या पिचरला फटका बसला, तर धाव लॉइडच्या नावावर. त्यात इनिंग इतक्या थोड्या की दोन वाईट दिवसांत आकडा आभाळाला भिडतो.

१९९६ हेच सांगते. ऑगस्टमध्ये ब्रुअर्सनी त्याला न्यूयॉर्क यँकीजला दिले. कोपर दुखत होते. दुखापतग्रस्त माल गळ्यात मारला म्हणून यँकीजनी आरडाओरडाही केला. उरलेल्या हंगामात ५ पूर्णांक २/३ इनिंगमध्ये ११ धावा, सरासरी १७.४७. न्यूयॉर्कचे प्रेक्षक किती दयाळू असतात हे सांगायला नको! आणि मग प्लेऑफ (बाद फेऱ्या) व वर्ल्ड सिरीजमध्ये (अंतिम मालिकेत) मिळून एकही धाव नाही.

वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना, अटलांटा. ०-६ वरून यँकीजनी ६-६ अशी बरोबरी साधली. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात एक बाद, बेसवर रनर, एक धाव गेली की सामना संपला. मारियानो रिव्हेराला काढून लॉइडला आणले, समोर डावखुरा फ्रेड मॅकग्रिफ. जमिनीवरून फटका, डबल प्ले (एकाच फटक्यावर दोघे बाद), इनिंग खलास. दहाव्यात यँकीजनी दोन धावा काढून ८-६ने सामना जिंकला. आघाडी मिळाली तेव्हा यँकीजचा शेवटचा पिचर लॉइड, म्हणून विजय त्याच्या नावावर. मालिका २-२ झाली आणि सहा सामन्यांत यँकीजनी खिशात घातली. वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघातला तो पहिला ऑस्ट्रेलियन. लेखात याला अर्धी ओळही नाही.

१९९८ला ५० सामन्यांत सरासरी १.६७, पुन्हा विजेतेपद. फेब्रुवारी १९९९मध्ये यँकीजनी रॉजर क्लेमेन्सला मिळवण्यासाठी टोरांटो ब्लू जेजला जे तिघे दिले, त्यांत लॉइड होता. गंमत अशी की १९८८ साली त्याला प्रथम करारबद्ध केले होते ते ब्लू जेजनीच, आणि १९९२च्या डिसेंबरमध्ये ‘रूल ५’ ड्राफ्टमध्ये फुकट घालवलेही त्यांनीच. मुख्य संघाच्या राखीव यादीबाहेर राहिलेला खेळाडू या ड्राफ्टमध्ये दुसरा संघ उचलू शकतो. अट एकच, पुढचा पूर्ण हंगाम त्याला मेजर लीगच्या संघातच ठेवायचे, नाहीतर मूळ संघाला परत देऊ करायचे. लॉइडला फिलाडेल्फियाने उचलले आणि लगेच ब्रुअर्सकडे धाडले. ब्रुअर्सनी त्याला नुसते ठेवले नाही, तर पहिल्याच हंगामात ५५ सामन्यांत उतरवले.

२००० साल खांद्याच्या शस्त्रक्रियेत गेले, त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. २००१मध्ये माँट्रियल एक्सपोजकडून तो ८४ सामन्यांत उतरला. हंगामच १६२ सामन्यांचा असतो, म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रत्यक्ष टाकलेल्या चेंडूंपेक्षा बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या सरावाच्या जागी) खांदा गरम करताना टाकलेले वेगळेच, आणि कित्येकदा तयार होऊनही बोलावणे येत नाही. खांदे जातात ते यातूनही.

आज ३०-३६ला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे पाहावे: २०२०पासून पिचरला किमान तीन बॅटर किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावेच लागते. एका डावखुऱ्यापुरता डावखुरा ही लॉइडची नोकरीच नियमाने बंद झाली.

आणि २००४चे अथेन्स ऑलिम्पिक. उपांत्य फेरीत जपानच्या व्यावसायिक संघाला १-० हरवून, अंतिम सामन्यात क्युबाकडून २-६ हरून रौप्यपदक मिळवलेल्या ऑस्ट्रेलियन संघातही ३७ वर्षांचा लॉइड होता. पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक बेसबॉलप्रेमी वाचक, नाशिक