तुझी ‘कोसला’ माझ्याकडेच आहे

नाशिक
रविवार, रात्री उशिरा

प्रिय नलू,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. तू रागावली असशील आणि तुझं बरोबरच आहे. बीपी गोळीवर ठीक, ह्यांची शुगरही. ते राहू दे.

तुझी ‘कोसला’ माझ्याकडेच आहे. हरवली म्हणाले होते, ते खोटं होतं. एम.ए.साठी तिच्यावर निबंध लिहायचाय, तीन हजार शब्दांचा, म्हणून ट्रंकेतून काढली. महिना झाला, पहिली ओळ सुचत नाही. नेमाड्यांची 1963 सालची कादंबरी, सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला मुलगा, पांडुरंग, नापास होऊन गावी परततो, असं दोन पानं लिहून नेलं. सर म्हणाले, “हे कथानक झालं. तुमचं म्हणणं काय?” तीन वर्षं आपण दोघी त्या पांडुरंगावरून भांडलो, जेवणं थंड केली, आणि मला म्हणणं सापडेना!

तुझं मात्र समासासमासात आहे, शिसपेन्सिलीनं. मेसच्या भानगडीपाशी “बापाच्या पैशावर उड्या!” एका पानावर सगळ्या ‘वगैरें’ना गोल करून खाली “पुरे आता.” एकटीच हसले. आणि ऐक, ओंकार होस्टेलला गेल्यापासून मलाही पांडुरंगाचे वडील दिसायला लागलेत. परवा त्यानं मेसचे पैसे भलत्याच कशात घातले, तर तुझंच वाक्य माझ्या तोंडून निघालं. ते भांडण निम्मं तू जिंकलीस, घे.

पण पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते ती पानं कोरी आहेत. समासात अक्षर नाही, फक्त एक कोपरा दुमडलेला. गच्चीवर सगळ्यांदेखत मी म्हणाले होते, “तू ती पानं उलटून पुढे गेलीस, न वाचताच बोलतेस.” तू काही न बोलता खाली गेलीस. तुझी सुमी गेल्याचं मला तेव्हा माहीत होतं, नलू. माहीत असून बोलले.

वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “देवी म्हणजे कोणती देवी?” मनी देवीच्या रोगानं गेली हे तिला कळलंच नव्हतं. कसं कळणार, आपल्याकडचा शेवटचा रोगी 1975 चा. बाही वर करून तिला दंडावरची टोचल्याची खूण दाखवली. ती बोट फिरवून बघत राहिली.

त्या रात्री पहिलं पान पुन्हा उघडलं आणि थांबलेच. तो म्हणतो, आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे. आज! म्हणजे सांगायला बसतो तेव्हा मनी जाऊन काळ लोटलाय. पुस्तकात चेष्टा आधी येते आणि मरण नंतर, म्हणून आपण समजलो की हसरा मुलगा पुढे दुःखी झाला. पण सांगणारा पहिल्या ओळीपासून तिला पोचवून आलेला आहे. ते ‘उदाहरणार्थ’, ते ‘वगैरे’ तिच्या मागून आलेत. तिच्यापाशी पोचल्यावर त्याची चेष्टा थांबते, ती त्यामुळेच. रोजनिशीचा भाग वेगळा धरावा लागेल, पण हे माझं म्हणणं. पेन्सिलीनं एकेक जागा तपासतेय, पुरावा मिळतोय.

हे मला नेमाड्यांनी दाखवलं की तू, ते सांगता येत नाही. मला तू भेटलीस तीच सुमीनंतर. मेसभर हसवायचीस, नकला करायचीस, आणि मी घरी लिहायचे की नलूला कशाचंच काही वाटत नाही. सरांना यातलं काय सांगणार? निबंधात पुरावा पुस्तकातलाच लागतो. तू त्यात येणार नाहीस, काळजी करू नकोस. पण तुला न विचारता लिहायला हात उठेना.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? नवीन जागेत पाणी नीट येतं का? प्राचीला आशीर्वाद, बाळाचे फोटो पाठव.

आणि एक. काल ती कोरी पानं दिव्यासमोर तिरकी धरली. समासात कागद खरवडलेला आहे, खोडरबर जोरात फिरवल्यासारखा. दोन ओळी असाव्यात, वाचता येत नाहीत. तू तिथे काही लिहिलं होतंस का गं? सांगावंसं वाटलं तरच सांग. पुस्तक बुधवारी पोस्टात टाकते.

तुझीच,
वासंती