मूत्रपिंडाच्या इजेनंतर मोबाइलची साथ

संपादक महोदय,

जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी फार कमी झाले, गंभीर जंतुसंसर्ग झाला किंवा अशा अवस्थेत आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक दिले गेले, तर लहान मुलाच्या मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. अनेक मुले त्यातून सावरतात. मला खरी काळजी वाटते ती घरी परतल्यानंतरची. जागरणांनी थकलेल्या आईवडिलांना डिस्चार्जच्या गडबडीत सगळे भराभर सांगितले जाते. त्यातले लक्षात किती राहणार? मूल खेळू लागले की फेरतपासणी राहूनच जाते. २०१२च्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ती ३ महिन्यांनी व्हायला हवी, कारण वरवर बरे वाटले तरी पुढे रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, मूत्रपिंडाचा कायमचा विकार जडणे हे धोके उरतात.

इथे मोबाइल कामी येईल. त्यासाठी मोठे अ‍ॅपच हवे असे नाही. घरच्या भाषेतला मिनिटभराचा आवाजी संदेशही चालेल. लघवी कमी झाली, डोळ्यांभोवती सूज आली तर थांबू नका; परस्पर वेदनाशामक देऊ नका; या तारखेला रक्त-लघवी तपासा आणि रक्तदाब मोजून घ्या. वाचता न येणाऱ्या आजीलाही तो ऐकता येईल, आणि पुष्कळदा दिवसभर मुलाजवळ तीच असते.

मात्र पालकांनी उलट विचारले तर उत्तर द्यायला पलीकडे परिचारिका हवीच. नुसत्या एकतर्फी संदेशांनी घाबरलेल्या आईला धीर मिळत नाही. रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डासोबतच ही सोय द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक पालक