सुधीर, ती बाटली परत कर

सांगली,
१४ जून

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेल आणि स्प्रेच्या बाटलीचे फोटो मिळाले. पन्नाशीनंतर थकवा येतो, पोट सुटलंय, म्हणून तिकडे न्यू जर्सीत दुकानातून ‘ग्रोथ हार्मोन’ आणलंस, आणि दिवाळीला येताना भाच्याच्या उंचीसाठीही दोन बाटल्या आणणार आहेस, हे वाचून लगेच लिहायला बसलो. इतकी वर्षं फार्मसी शिकवतोय, तुला हे सांगायलाच हवं.

ग्रोथ हार्मोन हे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन. गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचून जातं. रेणू इतका मोठा, की जिभेखाली फवारलं तरी उपयोग होईल इतकं रक्तात उतरत नाही. ज्या मुलांना त्याची खरोखर कमतरता असते, त्यांना म्हणूनच इंजेक्शन घ्यावं लागतं. तोंडावाटे देता आलं असतं तर कुठल्या आईबापांनी लेकराला वर्षानुवर्षं सुया टोचल्या असत्या?

तू लिहितोस, ‘अमेरिकेत उघड विकतात, म्हणजे सरकारने तपासलेलं असणारच.’ नाही रे, तिथेच फसगत होते. १९९४च्या कायद्याने तिकडे पूरक आहार, म्हणजे तुझ्या स्प्रेसारखी सप्लिमेंट्स, औषधांपासून वेगळा काढला. विक्रीआधी तो सुरक्षित आहे, गुणकारी आहे, हे एफडीएपुढे, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेपुढे, सिद्ध करावं लागत नाही. माल बाजारात येतो, तो घातक असल्याचं दाखवायची जबाबदारी नंतर एफडीएवर. तुझ्याच फोटोत मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय, की या दाव्यांची एफडीएने तपासणी केलेली नाही. ते वाच. शिवाय खरं ग्रोथ हार्मोन तिथेही प्रिस्क्रिप्शनचंच औषध आहे. मान्य नसलेल्या वापरासाठी ते वाटणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे बाटलीत खरं हार्मोन असेल तर ती विक्री बेकायदा, आणि नसेल तर तुझे पैसे पाण्यात. तिसरी शक्यता मला जास्त घाबरवते: लेबलवर नसलेलं काहीतरी आत असणं. व्यायामवाल्यांच्या बाजारात इब्युटामोरेन नावाचा पदार्थ फिरतो. तो गोळीतून शरीराचं स्वतःचं हार्मोन वाढवतो, पण औषध म्हणून त्याला मान्यता नाही आणि रक्तातली साखर चढू शकते. तुझ्या वडिलांना मधुमेह होता, हे विसरू नकोस.

जाहिरातीत ज्या ‘संशोधनाचा’ दाखला आहे, तो बहुधा १९९०चा डॅनियल रुडमन या अमेरिकी डॉक्टरांचा अभ्यास असावा. साठी उलटलेल्या फक्त १२ पुरुषांना सहा महिने हार्मोन दिलं. चरबी घटली, चरबीविरहित वजन वाढलं, हे खरं. पण ती इंजेक्शनं होती, स्प्रे नव्हता! ज्या नियतकालिकात तो छापला, त्यालाच २००३ साली जाहिरातींतल्या या गैरवापराविरुद्ध संपादकीय लिहावं लागलं. आणि गरज नसताना इंजेक्शन घेणाऱ्यांच्या अंगावर सूज येते, सांधे दुखतात, हाताला मुंग्या येतात, साखर वाढते.

आता भाच्याचं. सतरा वर्षांचा मुलगा, पोलीस भरतीला १६५ सेंटिमीटर लागतात, त्याची तगमग मला कळते. पण हाडांच्या टोकाच्या वाढपट्ट्या बंद झाल्या असतील तर खरं हार्मोनही उंची वाढवू शकत नाही. त्या उघड्या आहेत का, ते हाताच्या एक्स-रेवरून कळतं. तेवढं करून एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांना, दाखवा. आपल्याकडे तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार पूरक आहारात हार्मोन घालायलाच बंदी आहे, तेव्हा इथल्या दुकानात तसलं काही मिळालं तरी घ्यायचं नाही.

तुझ्या थकव्यासाठी डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घे. घोरतोस असं वहिनी म्हणायच्या, तेही त्यांना सांग. गाढ झोपेत शरीर आपलं हार्मोन भरपूर सोडतं. ती झोपच मोडत असेल तर आधी तिचा इलाज व्हायला हवा.

बाटली अजून फोडलेली नाहीस ना? दुकानात परत देऊन टाक. आणि ताईचा नंबर पाठव, भाच्याशी मी स्वतः बोलतो.

तुझा,
विनायक