गाडी उभी असते त्या तासांचं काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘ट्रकला ड्रायव्हर मिळत नाहीत’ ही वाहतूकदारांची तक्रार वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येते. तक्रार खोटी नाही. पण ज्या ड्रायव्हरला नोकरी देऊ केली जाते, त्याने ती कशी पारखायची यावर कुणी फारसं लिहीत नाही. मी सध्या त्याच विचारात आहे, म्हणून हे पत्र.

मालाच्या गाडीवर मी अजून नवाच म्हणायचा. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या फेऱ्या करतो. सकाळी माल भरायचा, दोन-तीन ठिकाणी उतरवायचा, जमलं तर परतीचा माल घेऊन यायचं. पगार महिन्याचा, ठरलेला, आणि तसा बेताचाच. आता दुसऱ्या एका कंपनीने बोलावलंय. काम असंच, गाडी थोडी मोठी, पण पैसे किलोमीटरवर. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींचा मेसेज आला: किलोमीटरचा दर, रोजचा भत्ता, ‘बहुतेक रात्री घरी’ आणि ‘कधीपासून येताय?’. महिन्याचे किलोमीटर त्यांनीच धरून आकडा काढून दिला होता. आकडा माझ्या पगाराच्या बराच वर होता. घरी सगळे खूष झाले.

मी मात्र त्या किलोमीटरांवरच अडून बसलो. लांब पल्ल्याची गाडी एकदा भरली की दोन-दोन दिवस चाकं फिरत राहतात, म्हणून तिथे किलोमीटरचा हिशेब ड्रायव्हरला परवडतो. जवळच्या फेऱ्यांचं गणित उलटं असतं. अंतर कमी आणि गेटं जास्त. गोदामाच्या गेटवर टोकन घ्यायचं, कागद खिडकीत द्यायचे आणि नंबर पुकारायची वाट बघत बसायचं. काही ठिकाणी सिक्युरिटीवाला गाडीची चावीच काढून घेतो, म्हणजे पंखासुद्धा बंद. आत डॉकवर, म्हणजे माल उतरवायच्या फलाटावर लागलो की हमाल दुसऱ्या गाडीवर. माल उतरला तरी मोजणीला माणूस येईपर्यंत माल मिळाल्याची पोच मिळत नाही. असा अकरा-बारा तासांचा दिवस संपतो आणि त्यात चाकं फिरलेली असतात जेमतेम चार तास. किलोमीटरवर पैसे घेणाऱ्याला त्या चार तासांचेच मिळतात. बाकीचा वेळ त्याच्या पदरचा.

मी फोन करून विचारलं, ‘गाडी उभी राहिली तर?’ मॅनेजर चांगला माणूस वाटला, आवाजही चढवला नाही. म्हणाले, ‘तेवढं चालतंच हो या धंद्यात.’

चालतं खरं. पण ते माझ्या जिवावर चालतं आणि ही गोष्ट आजची नाही. आपल्याकडे मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर काम नाही, सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. माल चढवणं-उतरवणं कामातच धरलेलं. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ मात्र पंधरा मिनिटांच्या आतला असेल तरच मोजायचा, अशी व्याख्या केलेली. म्हणजे गेटवर ताटकळणाऱ्या माणसाचा प्रश्न तेव्हाही कुणाच्या तरी डोळ्यांसमोर होता आणि नेमका तोच बाहेर ठेवला गेला. तो कायदा आता २०२० च्या कामगार सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. त्या संहितेतली एक गोष्ट माझ्या कामाची आहे: कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक. मला अजून तरी चार ओळींचा मेसेजच मिळालाय.

अंतराचाही एक हिशेब सांगतो. ई-वे बिल, म्हणजे मालाबरोबर लागणारा जीएसटीचा कागद, जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस चालतं. सरकारी कागदालासुद्धा २०० किलोमीटरला अख्खा दिवस लागतो असं धरलंय. मालगाडीला चौपदरी रस्त्यावरही वेगाची मर्यादा ताशी ८० ची, आणि घाट, गाव, टोल, खोदकाम धरून हाती येतो त्याच्या निम्मा. कंपनीने माझ्या महिन्याला जे किलोमीटर धरलेत, त्याला सव्वीस दिवसांनी भागलं तर रोजची दोन गेटं सांभाळून ते पुरे करायला रात्रीच लागतील. मग ‘बहुतेक रात्री घरी’ कसं जमणार? मेसेजातली पहिली ओळ खरी धरायची की तिसरी, असा हा प्रकार आहे.

गाडी थोडी मोठी म्हणालो, त्यावरही एक सांगायचंय. हलक्या गाडीच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्याच्या वर गेलात की वेगळं लायसन्स. माझ्याकडे ते आहे. पण माझ्याबरोबर शिकलेल्या एकाला दुसऱ्या एका मालकाने ‘चालव रे, बघू पुढे’ म्हणून मोठ्या गाडीवर बसवलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्स मागते, तेव्हा तो ‘बघू पुढे’ म्हणणारा कुठे असणार? नवीन पोरांना मोठी गाडी मिळाली की बढती वाटते, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. ओव्हरलोडचंही तसंच. दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, आणि वजनकाट्यावर उभा असतो ड्रायव्हर. जास्तीचं भाडं मात्र त्याच्या खिशात येत नाही.

कापाकापीचं मी सरळ विचारलं. डिझेलचं अ‍ॅव्हरेज कमी आलं तर फरक कुणाकडून? मालात तूट निघाली तर? ई-चलान आलं तर? उत्तर आलं, ‘चूक ड्रायव्हरची असेल तर ड्रायव्हरकडून.’ आता सिग्नल मी तोडला तर चलान माझं, यात वादच नाही. पण गेटवर इंजिन चालू ठेवायला लावून तासभर रांगेत पुढे सरकवलं तर अ‍ॅव्हरेज पडणारच. सीलबंद गाडीत मोजून कुणी भरलं हे मला माहीत नाही आणि उतरवताना आठ पेट्या कमी निघाल्या, तर ती चूक कुणाची? हे कोण ठरवणार, याचं उत्तर मिळालं नाही.

पीएफ आहे का, ते विचारलं. आहे म्हणाले. पण किलोमीटरच्या पैशांवर की नावापुरत्या छोट्या मूळ पगारावर, हे ‘ऑफिसला विचारावं लागेल’.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गाड्या लागतात तिथे जाऊन आलो. नोकरी बघणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, ऑफिसातल्या खुर्चीपेक्षा तिथे जास्त कळतं. गाडी जुनी होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, ही त्याआधीची. ते चालेल, उन्हाची सवय आहे. पण मागच्या चाकांपैकी आतल्या बाजूच्या टायरला हात लावला तर रबर बोटाला गुळगुळीत लागलं. बाहेरचे टायर मात्र नवे, दिसायला छान. हँडब्रेकच्या शेजारी एक लाकडी ठोकळा पडलेला. उतारावर चाकाला लावायला असणार. ठोकळा सगळेच ठेवतात, पण ह्याच्या कडा वापरून गोल झालेल्या होत्या. तिथल्या एका जुन्या ड्रायव्हरला काका म्हणून हाक मारली आणि पगाराचं सोडून बाकी सगळं विचारलं. ते म्हणाले, ‘पैसे वेळेवर देतात. बुडवत नाहीत. पण पावसाळ्यात किलोमीटर निम्मे होतात ते कुणी सांगत नाही बघ.’ हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मालकांची बाजूही आहे, ती लपवायची नाही. गाडी अडवून ठेवतो तो माल घेणारा, वाहतूकदार नव्हे. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे करारात लिहिलेले असले तरी ते मागितले की पुढचं काम दुसऱ्याला जातं. छोटा वाहतूकदार बोलत नाही आणि गप्प बसण्याची किंमत खाली ढकलत ढकलत स्टिअरिंगपर्यंत येते. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्या ड्रायव्हरच्या शिक्षेच्या, म्हणजे ‘हिट अँड रन’च्या नव्या कलमावरून देशभर गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा दोन दिवसांत सगळ्यांना ड्रायव्हरची आठवण झाली होती. रोज गेटवर उभी राहणारी गाडी मात्र कुणाला दिसत नाही.

यावर माझं मागणं फार मोठं नाही. पोचेवर माल मिळाल्याचा शिक्का मारतातच. त्याच कागदावर गाडी गेटवर आली ती वेळ आणि सुटली ती वेळ लिहावी, खाली सिक्युरिटीची सही. कागद नवा नाही, खर्च नाही. वेळ लिहिली गेली की वाहतूकदाराला हॉल्टिंग मागायला पुरावा मिळेल, आणि ड्रायव्हरला दोन तासांच्या पुढच्या थांब्याचा ताशी दर ठरवून मागता येईल. वाहतूकदारांच्या संघटनांनी आपल्या करारात ही एक ओळ घालावी. आपल्या वर्तमानपत्रात ‘ड्रायव्हर पाहिजेत’च्या छोट्या जाहिराती येतात. त्यांत पगार महिन्याचा, खेपेचा की किलोमीटरचा, एवढं तरी छापायची अट आपण घालू शकाल का?

त्या कंपनीला मी कळवलंय: महिन्याला किमान इतके पैसे, गाडी फिरो न फिरो, आणि त्याच्या वर किलोमीटरचे, थांब्याचा दर वेगळा, मागचे टायर बदललेले, आणि हे सगळं नेमणूकपत्रात. किमान रकमेला त्यांनी हो म्हटलंय, टायरलाही. थांब्याच्या दराला ‘असं आमच्याकडे कुणी मागितलं नाही आजवर’ म्हणाले. शनिवारपर्यंत कळवतो असं ठरलंय. तोवर आहे ती गाडी चालू आहे.

आपला,
एक ट्रकचालक