गेम सोडायचा की नाही, हे हरलेल्या रात्री ठरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा आटोपल्या की सोलापुरात उन्हाबरोबर लांब पल्ल्याचे रोल-प्लेइंग गेमही सुरू होतात. साठ, ऐंशी, शंभर तासांची कथा, हळूहळू वाढवायचं पात्र, भलामोठा नकाशा. जूनमध्ये कॉलेज उघडतं तेव्हा त्यातले कितीतरी अर्ध्यावर पडलेले असतात आणि खेळणाऱ्याच्या मनात रुखरुख राहते. कुठला गेम घ्यावा हे सांगणारी परीक्षणं ढिगानं मिळतात. घेतलेला गेम कधी सोडावा, यावर मात्र ‘पुढे भारी होतो, खेळत राहा’ यापलीकडे सल्ला मिळत नाही. तो सल्ला बहुतेकदा चुकीचा असतो आणि त्यापायी कितीतरी सुट्या वाया जातात, म्हणून हे पत्र. पैसे लावून खेळायच्या ॲपशी याचा संबंध नाही. एकदा विकत घेऊन घरी एकट्यानं खेळायच्या गेमबद्दलच लिहितो आहोत.

अडलेला गेम आणि मनातून उतरलेला गेम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडलेला सुटतो. मनातून उतरलेला सुटत नाही, तो सोडावाच लागतो. घोटाळा असा होतो की अडलेला गेम लोक रागानं काढून टाकतात आणि मनातून उतरलेला मात्र जिद्दीनं ओढत राहतात.

आधी अडण्याचं बघू. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये डिफिकल्टी, म्हणजे गेमचा अवघडपणा, कमी करायची सोयच नाही. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट हा पहिला मोठा बॉस, म्हणजे वाट अडवणारा बलाढ्य शत्रू, उभा असतो आणि तिथे वीस-पंचवीसदा मेल्यावर गेम पुसणारे पुष्कळ. अशा वेळी लेव्हलकडे नंतर बघावं, आधी शस्त्र बघावं. पात्र पंचविसाव्या लेव्हलचं आणि तलवार अजून +० वर, म्हणजे एकदाही न सुधारलेली, ही नेहमीची चूक. पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) +१ ला २, +२ ला ४ आणि +३ ला ६ लागतात, म्हणजे एकूण १२. ते लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या खाणीत मिळतात आणि चर्च ऑफ एलेहमधल्या टेबलावर +३ पर्यंतचं काम होतं. गुण वाटताना व्हिगर (जीव वाढवणारा गुण) वीसच्या आसपास न्यावा, म्हणजे एका फटक्यात जीव जात नाही. मार्गिट काठी उचलतो आणि मुद्दाम थांबतो. काठी वर गेली की घाबरून लोळण घेतली, तर लोळण संपून उभं राहताना नेमका फटका बसतो. काठी खाली यायला लागली की मगच लोळायचं. शिवाय धुक्याच्या दाराआधी जमिनीवर सोनेरी खूण दिसते, तिथून रॉजियर हा गेममधला साथीदार मदतीला येतो. एवढं करूनही जमलं नाही तर दक्षिणेचा वीपिंग पेनिन्सुला फिरून यावं. गेमनं मार्गिटला रस्त्यात ठेवलंय ते बऱ्याच अंशी ‘आधी दुसरीकडे जाऊन ये’ हे सांगायलाच.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये अडचण वेगळी असते. क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, चुकीचा निवडला, गुण भलतीकडे टाकले आणि दहा तासांनी ते लक्षात आलं. लगेच नवं पात्र काढून पहिल्यापासून सुरू करणारे लोक पहिला ॲक्ट (कथेचा भाग) चारदा खेळतात आणि दुसरा कधीच बघत नाहीत. खरं तर पहिल्या ॲक्टमधल्या थडग्यात विदर्स नावाचा मदतनीस सापडला की तो तळावर येऊन राहतो आणि १०० सोन्याच्या नाण्यांत पूर्ण क्लास बदलून देतो. ऑनर मोड हा सगळ्यात कडक प्रकार सोडला तर डिफिकल्टीही मधेच बदलता येते. ती उतरवण्यात कमीपणा मानायचं कारण नाही. कथेसाठी घेतलेल्या गेममध्ये एका लढाईपायी कथाच टाकून देणं, याला काय अर्थ आहे?

कधी कधी अडलेला असतो तो गेम नसतोच, लॅपटॉप असतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. पूर्व भागातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात गेला की तो स्वतःचा वेग कमी करतो, चित्र अडखळतं, बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं, आणि खेळणाऱ्याला वाटतं गेमच रटाळ आहे. त्यात लॅपटॉप गादीवर, आपल्या जाड सोलापुरी चादरीवर ठेवलेला असला तर खालच्या जाळीतून हवाच आत जात नाही. लाकडी पाटावर ठेवून मागची बाजू इंचभर उचलावी, पंख्यातली धूळ काढावी, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ४० किंवा ३० वर बांधावा आणि मग रात्री दहानंतर तोच भाग पुन्हा खेळून बघावा. ‘बाल्डर्स गेट ३’चा शहरात घडणारा तिसरा ॲक्ट प्रोसेसरला फार जड जातो, ‘शहरात आल्यावर कंटाळा आला’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं. वीज जाण्याचंही तसंच. सेव्ह होत असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते आणि पाच-सहा तासांचं खेळणं जातं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो. ग्राफिक्स कार्डवाला पीसी गेम चालू असताना त्यापुढे सहज जातो, म्हणून १ केव्हीएचा घ्यावा आणि तीन-चार वेगवेगळे सेव्ह ठेवावेत.

हे सगळं करून अडथळा सुटला आणि तरी पुढे जावंसं वाटत नसेल, तर गेम मनातून उतरला. त्याची सगळ्यात खरी खूण म्हणजे संवाद. पात्र बोलतंय आणि बोट बटणावर, वाक्य पुरं होण्याआधी पुढचं. रोल-प्लेइंग गेममधून संवाद वजा केले तर उरतं ते नुसतं चालणं. दुसरी खूण, मुख्य कथा टाळून नकाशावरच्या खुणा पुसत बसणं. ‘द विचर ३’मध्ये स्केलिगे बेटांच्या समुद्रात बुडालेल्या मालाची प्रश्नचिन्हं ढिगानं आहेत. होडीनं जायचं, उडते राक्षस मारायचे, पेटी उघडायची, पुन्हा तेच. त्यातून कथेचं एक पानही उलटत नाही आणि अनेकांचा गेम तिथेच बुडतो. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर नकाशावर ही चिन्हं लपवता येतात. ती लपवावीत आणि तासा-तासाच्या तीन बैठकांत फक्त मुख्य कथा खेळावी, संवाद पूर्ण ऐकून. तिसऱ्या बैठकीनंतर ‘आता कोण काय करणार’ हे कुतूहल एकदाही जागं झालं नसेल, तर चौथी बैठक करू नये.

मात्र निर्णयाची जागा कथेत असावी, पराभवात नसावी. ‘विचर ३’मध्ये व्हाइट ऑर्चर्ड हे सुरुवातीचं गाव नुसती ओसरी आहे, तिथून परत फिरू नये. त्यापुढच्या वेलेन प्रदेशात ब्लडी बॅरनची हकिगत पूर्ण होईपर्यंत थांबावं. गेमची सगळी ताकद त्या हकिगतीत आहे. ती संपून मन हललं नाही तर पुढचे चाळीस तासही हलवणार नाहीत. ‘पर्सोना ५ रॉयल’मध्ये ही जागा पहिला पॅलेस, म्हणजे एका खलपात्राच्या मनातला महाल. कामोशिदाच्या या पॅलेसची मुदत गेमच्या कॅलेंडरात २ मे आहे आणि तिथवर साधारण १२ ते १५ तास जातात. दिवसा शाळा, संध्याकाळी मैत्री, मग पॅलेस, हा क्रम शेवटपर्यंत तोच राहतो. म्हणून तो क्रम एकदा पूर्ण फिरून आवडला नसेल, तर जवळपास शंभर तास त्याच्यासोबत काढण्यात अर्थ नाही. याच गेममध्ये समुपदेशक मारुकीशी ओळख १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या रँकला गेली नाही तर शेवटचा वाढीव भाग उघडत नाही. तो हुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करणाऱ्यांची दया येते. मूळ कथेचा शेवट बघावा आणि उरलेला भाग नेटवर पाहून घ्यावा.

‘पुढे चांगला होतो’ म्हणणाऱ्याला एकच विचारावं: किती तासांनी, आणि चांगलं होतं म्हणजे नेमकं काय बदलतं? ‘फायनल फँटसी १३’ (२००९) बद्दल याचं उत्तर देता येतं. तेरा प्रकरणांपैकी अकराव्यात मोकळं मैदान येतं, तोवर वीसच्या वर तास सरळ गल्लीतून चालायचं. ज्याला मोकळं फिरायचंय त्यानं एवढं थांबावं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण आकडा समोर ठेवून. उलट ‘नियर ऑटोमाटा’ (२०१७) मध्ये दहा-बारा तासांनी श्रेयनामावली येते आणि लोक संपला म्हणून बंद करतात. तो शेवट नाही, गाभा त्यानंतर आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’मध्येही श्रेयनामावलीनंतर मोठा भाग आहे, पण तिथे थांबलं तरी एक पुरी कथा हाती लागते, दमलेल्यानं खुशाल थांबावं.

आता हिशेब. झालेले तास त्यात धरायचे नाहीत. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाट्यगृहाची मोसमी तिकिटं काहींना पूर्ण दरात आणि काहींना सवलतीत दिली होती. मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण दर भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. पैसे सगळ्यांचेच गेले होते आणि नाटकं तीच होती. गेममध्ये पैशाच्या जोडीला तासही असतात, त्यामुळे ही ओढ दुप्पट होते. ‘चाळीस तास घातलेत’ हे वाक्य निर्णयातून काढून टाकावं आणि पुढचे तास मोजावेत. ‘विचर ३’ची मुख्य कथा साधारण ५० तासांची, सगळं करायचं तर १७० च्या पुढे. इतरांना दहा तास लागणाऱ्या जागी पोचायला आपल्याला पंधरा लागले असतील, तर आपला वेग दीडपट. उरलेल्या ४० चे ६० होतात. आठवड्याला सहा तास मिळत असतील तर दहा आठवडे. प्रश्न असा विचारायचा: हा गेम आज फुकट मिळाला असता आणि नेमक्या याच जागेपासून सुरू होणार असता, तर पुढचे दहा आठवडे त्याला दिले असते का?

पैसे परत मिळवायचे असतील तर घाई हवी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागणी केली आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर परतावा मिळतो. पात्राचं नाक-डोळे कोरण्यातच तास जातो, तोही मोजला जातो. म्हणून पहिल्या दोन तासांत चेहरा आहे तसा घ्यावा आणि आपल्या मशीनवर गेम नीट चालतो का, अक्षरं वाचता येतात का, लढाई हाताला बसते का, एवढं बघावं. डिस्क असेल आणि सोडायचं ठरलं असेल तर लवकर विकावी, किंमत उतरतच जाते.

पालकांना एक विनंती. ‘पर्सोना’च्या पॅलेसमध्ये सेफ रूमशिवाय सेव्ह होत नाही. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ म्हटलं की तासाभराचं खेळणं पुसलं जातं आणि उद्या तो तास भरून काढायला मूल पुन्हा बसतं. पंधरा मिनिटं आधी सांगावं.

सोडताना गेम नीट सोडावा. बॉसच्या दारात किंवा गुहेच्या मध्यावर सोडू नये; गावात यावं आणि हातानं नवा सेव्ह करावा. वहीत चार ओळी लिहाव्यात: कुठे आहोत, पुढे कुणाला भेटायचंय, लढाईत कुठली चार बटणं वापरतो, आणि का सोडला. मग सेव्हची प्रत पेनड्राइव्हवर. ‘विचर ३’चे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये असतात, ‘एल्डन रिंग’चे लपलेल्या ॲपडेटा फोल्डरातल्या रोमिंगमध्ये. विंडोज फॉरमॅट करताना हेच विसरतं. पीएस५ आणि स्विचवर गेम काढला तरी सेव्ह मशीनमध्ये राहतो, पण पीएस५ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत, त्याला वर्गणी भरून क्लाउडच लागतो. डाउनलोडचाही विचार करावा. ‘बाल्डर्स गेट ३’ सुमारे १५० जीबीचा आहे. ५० एमबीपीएसची लाइन अखंड मिळाली तरी साडेसहा-सात तास. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर असणाऱ्यांनी पुसण्याआधी दुसऱ्या डिस्कवर हलवून ठेवावा.

पुढे कधी परत यावंसं वाटलं तर जुना सेव्ह उघडून थेट कथेत शिरू नये. आधी वहीतल्या चार ओळी वाचाव्यात, गावाबाहेरच्या किरकोळ शत्रूंवर वीस मिनिटं हात बसवावा, आणि मगच पुढच्या माणसाला भेटायला निघावं.

आपले,
जुळे सोलापुरातील काही वाचक