सड्यावरची आमरी

महोदय,

मृगाचा पाऊस लागला की आमच्या डिचोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, हबेनारिया उगवते. ही झाडावरची नव्हे, जमिनीतली आमरी, म्हणजे ऑर्किड. जांभ्यावरच्या वीतभर मातीला एकच गोल पान चिकटलेले आणि मधून वर आलेला पांढऱ्या फुलांचा तुरा. फुलामागे लांब नळी असते, तिच्यातला मध पतंग सोंडेने पितात. आई मला ही फुले दाखवायला न्यायची, पुढे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेले.

यंदा त्याच जागी कुणी डंपरने भराव टाकला आहे. विचारले तर "पडीकच आहे ना बाई ते!"

पडीक कसे? उन्हाळ्यात या आमरीचा कंद मातीखाली झोपलेला असतो, म्हणून सडा उजाड दिसतो. धुळीसारख्या तिच्या बियांना स्वतःचे अन्न नसते. मातीतल्या विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. म्हणून कंद उपटून कुंडीत लावणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, नका नेऊ.

सड्यावर कशालाही परवानगी देण्याआधी पंचायतीने आणि वन खात्याने जुलैत एकदा तिथे चालून यावे. मेमध्ये केलेल्या पाहणीत ही आमरी दिसणारच नाही.

एक निवृत्त शिक्षिका, डिचोली